श्वासाची किंमत भत्त्यात होत नाही

कारखान्यात स्फोट झाला म्हणजे त्याची दखल घेणे शासनाला भाग पडते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले तेव्हा माणसे मेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या, मंत्र्यांनी पाहणी केली आणि चौकशीचे आदेश निघाले. स्फोटाला आवाज असतो, म्हणून त्याची नोंद होते. पण रसायनांशी, धुळीशी आणि वाफांशी रोजचा संबंध असलेल्या हजारो कामगारांच्या छातीत एक अपघात वर्षानुवर्षे सावकाश घडत असतो. त्याला आवाज नसतो, म्हणून त्याची नोंदही होत नाही. व्यवसायजन्य दमा हे या अपघाताचे नाव. हा रोग तयार होतो कारखान्यात आणि लिहिला जातो घरच्या खात्यावर. 'बिडी ओढत असेल', 'घराण्यातच दमा असेल', 'हवामान मानवले नसेल' अशी कारणे सांगितली जातात आणि कामगार स्वतःच्या खर्चाने औषध घेत राहतो. धापा टाकत काम होईनासे झाले की त्याला हिशेब देऊन मोकळे केले जाते. उत्पादनाच्या खर्चातील एक मोठी रक्कम अशा रीतीने मालकाच्या वहीतून उतरून कामगाराच्या संसारावर चढते.

या रोगाची रीत नीट समजून घेणे प्रत्येक कामगार कार्यकर्त्याला आवश्यक आहे; कारण ती न समजल्यामुळेच मालकपक्षाचे खोटे युक्तिवाद टिकून राहतात. काही पदार्थ असे असतात की ते श्वासावाटे वारंवार आत गेल्यावर शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांच्याविरुद्ध पेटून उठते. पहिले काही महिने, कधी कधी काही वर्षेही, काहीच होत नाही. मग एके दिवशी खोकला सुरू होतो, छाती आवळते, रात्री झोपेतून जाग येते. एकदा शरीर असे चिडखोर झाले की पूर्वी सहज सोसलेल्या मात्रेच्या अंशानेही धाप लागते. 'दहा वर्षे हेच काम केले तेव्हा काही झाले नाही, आता कसे झाले?' हा व्यवस्थापनाचा आवडता प्रश्न. त्याचे उत्तर रोगाच्या या रीतीतच आहे. दुसरा प्रकार एका दिवसात होतो. क्लोरीन, अमोनिया किंवा आम्लाच्या वाफा एकदाच मोठ्या प्रमाणात छातीत गेल्या तरी पुढे कायमचा दमा जडू शकतो. १९८५ साली वैद्यकशास्त्राने या प्रकाराचे स्वतंत्र वर्णन केले.

दमा देणाऱ्या पदार्थांची यादी लांबलचक आहे. फोम, वार्निश आणि मोटारींच्या फवारणीच्या रंगांतील आयसोसायनेटे, राळ व प्लॅस्टिकच्या उद्योगांतील थॅलिक ॲनहायड्राइड, कापड रंगविण्याचे रिॲक्टिव्ह रंग, झाळकामातील राळेचा धूर, बेकरीतील पिठाची धूळ, औषध कारखान्यांतील प्रतिजैविकांची भुकटी, इसबगोलाची धूळ, लाकडाचा भुसा, रुग्णालयांतील निर्जंतुकीकरणाचे ग्लुटराल्डिहाइड हे सारे तिच्यात येतात. म्हणजे हा प्रश्न केवळ मोठ्या रासायनिक कारखान्यांचा नाही. बेकरीतल्या पोराचा, गॅरेजमधल्या रंगाऱ्याचा आणि इस्पितळातल्या आयाबाईचाही आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार प्रौढ वयात होणाऱ्या दम्यापैकी सुमारे १५ टक्के दम्याच्या मुळाशी व्यवसाय असतो. यांतील टोल्यूइन डायआयसोसायनेट हा पदार्थ किती घातक आहे याची कल्पना कायद्याच्या आकड्यावरूनच येईल. कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत त्याची आठ तासांची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.००५ भाग इतकी होती. नाकाला त्याचा वास येऊ लागतो तो याहून कितीतरी अधिक प्रमाण झाल्यावर. वास येत नाही म्हणून हवा शुद्ध आहे, ही समजूत किती जीवघेणी आहे हे यावरून ध्यानात यावे.

महाराष्ट्रातील कामगारवर्गाला छातीचा रोग नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांतील ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यांत कापसाच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा श्वासरोग पिढ्यान्‌पिढ्या पोसला. त्याची एक विलक्षण खूण होती. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर आले की कामगाराची छाती सर्वांत जास्त आवळे आणि आठवडा पुढे सरके तसा त्रास सुसह्य होई. रोग जुना झाला की मग सर्व वार सारखेच होत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या वतीने लढा देऊन १८९० साली गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळवून दिली. ती विश्रांतीसाठी होती. पण त्याच सुटीने रोगाचे मूळ कुठे आहे याचा पुरावाही कामगाराच्या हाती दिला. गिरणीपासून एक दिवस दूर राहिल्यावर छाती मोकळी होते आणि गिरणीत परतताच ती आवळते, यापेक्षा स्पष्ट साक्ष कोणती हवी होती? रसायनांच्या दम्याची चाल थोडी वेगळी असते. तो आठवड्याच्या अखेरीस वाढतो आणि सुटीत किंवा गावी गेल्यावर उतरतो. परंतु दोन्ही रोगांत सुटीचा दिवसच खरा साक्षीदार असतो.

हा पुरावा चळवळीने किती वापरला? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. वेतन, बोनस, बदली कामगारांची कायम नोकरी आणि संघटनेचे स्वातंत्र्य यांसाठी त्यांनी जो त्याग केला त्याला तोड नाही. परंतु छातीत साठलेल्या धुळीचा हिशेब त्या लढ्याच्या अग्रभागी आला नाही. त्याच १९८२ साली ब्रिटनमध्ये व्यवसायजन्य दमा सात पदार्थांच्या यादीसह भरपाईस पात्र रोग ठरला. पुढे मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि धुळीने निकामी केलेली फुप्फुसे घेऊन कामगार आपापल्या गावी परतले. जमिनीच्या किमतीचा हिशेब झाला, फुप्फुसांचा झाला नाही. तारापूर, तळोजा, महाड, लोटे येथील रासायनिक वसाहतींत आज काम करणाऱ्या पिढीच्या बाबतीत हीच चूक पुन्हा होऊ द्यायची काय, हा चळवळीपुढचा प्रश्न आहे.

रोगाची नोंद का होत नाही याचे पहिले कारण दवाखान्यात सापडते. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत 'तू काम कोणते करतोस?' या प्रश्नाची भर घालण्याचा आग्रह धरला. तीन शतके उलटून गेली, तरी गर्दीने भरलेल्या दवाखान्यात हा प्रश्न अजून क्वचितच विचारला जातो. वस्तुतः व्यवसायजन्य दमा ओळखण्यास फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. पीक फ्लो मीटर नावाची एक स्वस्त नळी असते. कामगाराने दिवसातून किमान चार वेळा तीत फुंकर मारून आकडा लिहावा, कामाच्या दिवशी लिहावा आणि सुटीच्या दिवशीही लिहावा, असे तीन-चार आठवडे करावे. मग कामाच्या दिवसांत आकडा खाली येतो आणि सुटीत वर चढतो की नाही हे कागदावरच दिसते. रोगाचे निदान डॉक्टरच करील. पण त्याला पुरावा पुरविणे कामगाराच्या हाती आहे.

दुसरे कारण कायद्यात आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळविणे बंधनकारक असलेल्या २९ रोगांची यादी होती. तीत बिसिनोसिस होता, सिलिकोसिस होता, भोपाळनंतर आयसोसायनेटची विषबाधाही आली. दमा मात्र त्या नावाने आला नाही. नव्या संहितेची अनुसूचीही याच वळणाची आहे. जे रोग यादीत होते त्यांची सूचना न देणाऱ्या डॉक्टरास अधिनियमाच्या ८९ व्या कलमान्वये फार तर एक हजार रुपये दंड होता. नुकसानभरपाईची वाट याहून अरुंद होती. १९२३ च्या कायद्याने अनुसूचीच्या एका मोठ्या भागातील रोगांसाठी एकाच मालकाकडे किमान सहा महिने सलग नोकरीची अट घातली. कंत्राटी कामगाराला दर काही महिन्यांनी 'ब्रेक' देणाऱ्या, ठेकेदाराचे नाव बदलून तोच माणूस त्याच पिंपापाशी उभा करणाऱ्या व्यवस्थेत या अटीचा अर्थ काय होतो, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. सर्वांत विषारी काम सर्वांत अस्थिर नोकरीच्या माणसाकडे जाते. आणि त्याच्या हजेरीचा कागदच नसल्यामुळे त्याच्या रोगालाही कागद मिळत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० या कायद्याने घेतली. तीत वर्षातून एकदा विनामूल्य वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे आणि तिची काटेकोर अंमलबजावणी मागितली पाहिजे. पण त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० कामगारांवर नेली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कामगारांचे निम्मे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती १९८७ च्या दुरुस्तीने बंधनकारक केली होती. संहितेत अशी समिती सरकारच्या आदेशावर सोपविली आहे. निरीक्षकाच्या नावापुढे 'सुलभकर्ता' हा शब्द जोडला गेला आहे. सुलभता कोणाची, हे येत्या काही वर्षांत प्रत्यक्ष अनुभवाने ठरेल. ज्या छोट्या कारखान्यांत हवा सर्वांत कोंदट असते ते कायद्याच्या नजरेआड जाऊ नयेत, यासाठी धोकादायक कामांच्या बाबतीत कामगारसंख्येची अट काढून टाकण्याचा जो अधिकार सरकारला आहे, तो वापरण्यास सरकारला भाग पाडणे हे आता संघटनांचे काम आहे.

या प्रश्नाकडे 'कामगारांचा प्रश्न' म्हणून पाहणाऱ्या नागरिकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ शहरावर युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून जो वायू पसरला तो मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे याच कुळातील रसायन. त्या रात्री हजारो लोक बळी पडले. पण त्या कारखान्याचे पहिले बळी शहरातले नव्हते. डिसेंबर १९८१ मध्येच फॉसजीनच्या गळतीने तेथील एका कामगाराचा मृत्यू झाला होता आणि त्यानंतर कामगारांनी भित्तिपत्रके लावून धोक्याचा इशारा दिला होता. तो इशारा ऐकला गेला असता तर इतिहास कदाचित वेगळा लिहिला गेला असता. कामगाराचे फुप्फुस ही गावाची पहिली धोक्याची घंटा असते. भिंतीच्या आत जे विरते ते एक दिवस भिंतीबाहेर येते. म्हणून कारखान्याच्या हवेची मागणी ही साऱ्या वस्तीची मागणी झाली पाहिजे.

आता आत्मपरीक्षणाचा भाग. धुळीच्या खात्यात गूळ आणि रसायनांच्या खात्यात दूध वाटण्याची प्रथा भारतीय कारखान्यांत जुनी आहे. गुळाने घशातली धूळ उतरते आणि दुधाने विष उतरते ही समजूत मालकाला सोयीची होती; दुर्दैवाने ती कामगारांनाही पटली. फुप्फुसात गेलेली धूळ गुळाच्या खड्याने बाहेर येत नाही आणि श्वासनलिकेचा दाह पेलाभर दुधाने शमत नाही. पुढे गुळाची जागा गॅस भत्त्याने आणि दुधाची जागा धोका भत्त्याने घेतली. अनेक ठिकाणी संघटनांनी हे भत्ते लढून मिळविले आणि करारात तो विजय म्हणून लिहिला. महागाईत दोन पैसे मिळविणाऱ्या कामगाराला कोणी दोष देऊ नये. पण भत्ता स्वीकारला की धोका मान्य झाला, त्याचा दर ठरला आणि तो दूर करण्याची मागणी पुढच्या करारापर्यंत मिटली, ही गोष्ट नेतृत्वाने ओळखावयास हवी होती. श्रमशक्ती विकली जाते. श्वास विकण्याचा करार कोणत्याही संघटनेने करू नये.

धोका दूर करता येतो, हे जगाने दाखविले आहे. साबण-पावडरीत वापरल्या जाणाऱ्या एन्झाइमांच्या भुकटीमुळे ब्रिटनमधील कामगारांना दमा होतो हे १९६९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून उघड झाले. त्यानंतर एन्झाइम दाणेदार करून त्यांवर आवरण चढविण्यात आले, यंत्रे बंदिस्त करण्यात आली, हवेतील धूळ उतरली आणि रोगही उतरला. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने १९८३ साली आयसोसायनेट वापरणाऱ्या कारखान्यांत हवेच्या प्रमाणावर नियंत्रण आणि ठरावीक मुदतीने श्वसनाची तपासणी सक्तीची केली. आधी रोग लवकर सापडू लागला, नंतर भरपाईचे दावे घटले. क्रम ठरलेला आहे. शक्य असेल तर घातक पदार्थच बदलावा; ते शक्य नसेल तर प्रक्रिया बंदिस्त करावी; वाफ जिथे निघते तिथूनच ती खेचून घेणारी यंत्रणा बसवावी; आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या धोक्यासाठी योग्य प्रकारचा मास्क द्यावा. भारतीय कारखान्यांत हा क्रम उलटा चालतो. प्रथम कापडी फडके दिले जाते, जे वाफ अडवूच शकत नाही. आणि रोग झाला की 'मास्क लावला नाही' हा दोषारोप कामगारावर ठेवला जातो.

यापुढचा प्रश्न सर्वांत कठीण आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वैद्यकशास्त्र सांगते की व्यवसायजन्य दमा झालेल्या माणसाला त्या पदार्थापासून जितक्या लवकर दूर करावे तितका तो बरा होण्याचा संभव अधिक. संपर्क चालू राहिला तर काम सोडल्यावरही दमा आयुष्यभर राहू शकतो. पण कामगाराला हेही ठाऊक असते की रोगाचे नाव उच्चारले की नोकरी जाईल. म्हणून तो खोकला दडवतो, खिशात औषधाचा पंप लपवून पाळीवर जातो आणि वार्षिक तपासणीत 'काही त्रास नाही' असे सांगतो. मालकाच्या दबावाइतकीच ही भीती रोगाला झाकून ठेवते. जोवर तपासणीचा अर्थ गच्छंती आहे, तोवर कोणतीही तपासणी खरी होणार नाही. म्हणून संघटनेच्या मागण्यांत पहिले स्थान एकाच मागणीला मिळाले पाहिजे. रोग आढळलेल्या कामगाराला त्याच कारखान्यात निर्धोक खात्यात काम, पगार तोच, सेवाज्येष्ठता तीच. आणि असे काम देता येत नसेल तर पूर्ण भरपाई. कंत्राटी कामगारालाही हाच नियम, आणि त्याची जबाबदारी मूळ मालकावर. ही हमी आधी, तपासणी नंतर.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश त्या उद्योगास दिला. आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कामाची जागा हे कामगारांच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट केले. तत्त्वाच्या पातळीवर लढाई बरीच जिंकलेली आहे. ती खात्यात, पाळीत आणि पिंपापाशी जिंकावयाची राहिली आहे.

त्यासाठी कार्यकर्त्यांनी पुढच्या परिषदेची किंवा ठरावाची वाट पाहू नये. आपल्या वसाहतीतील प्रत्येक कारखान्यात कोणती रसायने येतात त्यांची नावे पिंपांवरून आणि पोत्यांवरून उतरवून घ्यावीत. सुरक्षाविषयक माहितीपत्रके मराठीत लेखी मागावीत. परप्रांतीय कामगारांसाठी त्यांच्या भाषेत मागावीत. प्रत्येक शाखेने दोन-चार पीक फ्लो मीटर विकत घ्यावेत आणि खोकणाऱ्या कामगाराला नोंदवही घालून द्यावी. राज्य कामगार विमा योजनेच्या दवाखान्यात गेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कागदावर त्याचे काम आणि त्याचा पदार्थ लिहून घेण्याचा आग्रह धरावा. निदान झाले की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी कळवावे आणि पोच जपून ठेवावी. अधिसूचित रोगांच्या यादीत दमा त्याच्या नावाने यावा ही मागणी विधिमंडळात आणि संसदेत न्यावी. आणि पुढचा करार होईल तेव्हा धोका भत्त्याच्या कलमाआधी धोका हटविण्याचे कलम, मुदतीसह, लिहून घ्यावे.

लोखंड्यांच्या पिढीने कामगाराला आठवड्याचा एक दिवस मिळवून दिला. त्या एका दिवशी त्याची छाती मोकळी होत होती. उरलेल्या सहा दिवसांची हवा मिळविणे हे आजच्या पिढीचे काम आहे. त्याची सुरुवात तीनशे वर्षे जुन्या त्या साध्या प्रश्नापासून होते. डॉक्टर तो विचारीत नसेल तर कार्यकर्त्याने विचारावा: काम कोणते करतोस, आणि सुटीच्या दिवशी श्वास कसा असतो?